एक झेंडा

ग्लेनिसनं उकडलेल्या अंड्यावर चमचा मारला, टक्, आणि टोस्टला लोणी लावणारा माझा हात जागच्या जागी थांबला. झालं ते एवढंच. तिनं मान वर न करता विचारलं, "परत?" मी म्हटलं, "काय परत?" "तो खांब." बेचाळीस वर्षं एका टेबलाशी बसलेल्या बाईला फसवता येत नाही, म्हणून मी चहाचा कप तोंडाला लावला. म्हटलं, "अगं, आज ड्राफ्ट आहे, मोठे क्लब पोरं निवडणार." ती म्हणाली, "मला माहीत आहे आज काय आहे ते. वॉराबीनमधल्या कुत्र्यांनासुद्धा माहीत आहे. तू ते अंडं खा आधी." मी खाल्लं. पण तो आवाज तो नव्हताच. अंड्याचा आवाज कोरडा असतो आणि त्यात पुढं काहीतरी फुटणार हे आधीच कळतं. खांबाचा आवाज ह्याहून बुटका होता. तीन महिने मी तो शोधतोय. पाण्याच्या टाकीवर बोट वाजवून पाहिलं, फाटकाची कडी हळू सोडून पाहिली, भोपळ्यावर नख मारून पाहिलं. भोपळा त्यातल्या त्यात जवळचा. एकाहत्तराव्या वर्षी माणूस परसात उभा राहून भोपळा वाजवतो आणि शेजारची बाई कुंपणावरून बघते, ह्याला काय म्हणावं? डावा कान माझा गेलाय, कबूल. तेहेतीस वर्षं धान्याच्या सायलोत, त्या उंच कोठारांत, काढल्यावर कोणाचाही जाईल. पण उजवा शाबूत आहे, आणि खांब उजवीकडेच होता. हे मी किती जणांना किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

सव्वीस वर्षं मी वॉराबीनच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचा गोल-पंच आहे. पांढरा कोट, पांढरी टोपी, दोन झेंडे. दोन उंच खांबांच्या मधून बॉल साफ गेला की सहा गुण, मी दोन्ही झेंडे हलवतो, आणि मैदानाभोवती उभ्या केलेल्या गाड्या हॉर्नचा नुसता कल्ला करतात. बाजूच्या आखूड खांबाच्या आतून गेला, किंवा उंच खांबाला नुसता शिवून गेला, तर एक गुण. त्याला आम्ही बिहाइंड म्हणतो. एक झेंडा. बिहाइंडला कोणी हॉर्न वाजवत नाही. कशाला वाजवतील? बिहाइंड म्हणजे थोडक्यात गेलं, दुसरं काय. मोठ्या शहरांत पंच बाहेरून येतात, आमच्याकडे प्रत्येक क्लब आपलाच माणूस खांबाखाली उभा करतो, आणि समोरच्याला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. विमेऱ्याच्या गव्हाच्या मुलखात हे असंच चालतं. आपल्या पोराचा बॉल आणि आपलाच पंच. बाप मला म्हणायचा, घरचं माप जड असू नये. त्याला ते धान्याबद्दल म्हणायचं होतं.

ऑगस्टातला शेवटचा शनिवार. कर्नाँगविरुद्ध आमचा शेवटचा सामना, जिंकेल तो अंतिम फेऱ्यांत. एकोणीस वर्षांत आम्ही तिथं पोचलो नव्हतो. आणि जार्विस नॉस्के त्या दिवशी गावी आला होता. एरवी तो अठरा वर्षांखालच्या प्रांताच्या संघातून खेळायचा, पण त्यांना सुट्टी होती म्हणून आपल्या गावाकडून उतरला. सतरा वर्षांचं पोरगं, हात गुडघ्यापर्यंत लांब, आणि डाव्या पायात काय आहे ते देवालाच ठाऊक. सहा वर्षांचा होता तेव्हा माझ्यामागं उभा राहून खिशातले दोन रुमाल हलवायचा. मी मान वळवून बघायचो नाही, पण आपल्या मागं कोणीतरी आपलंच हलवणं हलवतंय हे पाठीला कळतं. त्या शनिवारी मेलबर्नहून एक माणूस आला होता, मोठ्या क्लबचा, पोरं हेरणारा. राखाडी जॅकेट, हातात वही, आणि बायकांनी दिलेला केक न खाता हातात धरून उभा. सगळं गाव त्याच्याकडे न बघण्याचा आव आणून त्याच्याकडेच बघत होतं. पाऊण मिनिट उरलं होतं आणि आम्ही तीन गुणांनी मागं. जार्विसनं उजव्या कडेला, सीमारेषेला चिकटून बॉल उचलला. तिथून खांब जवळजवळ दिसतच नाहीत. त्यानं डाव्या पायानं मारला, आणि बॉल बाहेर जाता जाता वळला. मी बरोब्बर खाली होतो. मान वर. बॉल आला, उजव्या खांबाच्या आतून गेला, आणि गेला तेव्हा मला तो आवाज आला.

गाड्यांनी हॉर्न सुरूसुद्धा केले होते. मी खांबाच्या गादीवर तळहात ठेवला, म्हणजे खांबाला लागला, मग एक बोट वर केलं, मग एक झेंडा उचलला. हॉर्न एकेक करून बंद पडत गेले. सगळ्यात शेवटी शाळेच्या बसचा. ती बस जार्विसची आई केरिन चालवते, शनिवारी पोरांना घेऊन यायला तीच असते. तो हॉर्न मध्येच तुटला, आणि त्याचं ते तुटणं मी अजून घेऊन फिरतोय. मग शिव्या सुरू झाल्या. आपल्याच लोकांच्या. आमच्या संघातले चौघे अंगावर धावून आले, त्यातल्या एकाचा घोटा मी दर गुरुवारी बांधायचो. जार्विस आला नाही. तो तीस पावलांवर उभा राहून माझ्याकडे बघत होता. एक श्वासभर. मग त्यानं त्या चौघांना कॉलरला धरून मागं ओढलं, "चला, खेळ चालू आहे," म्हणाला आणि आपल्या वाटच्या कर्नाँगच्या खेळाडूमागं धावला. शेवटचा भोंगा झाला तेव्हा बॉल त्याच्याच हातात होता, मैदानाच्या मधोमध. दोन गुणांनी हरलो. मला त्याचं ते बघणं कळलं नाही. रागावलेला माणूस बघतो तसं ते नव्हतं. रागावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सगळे बारमध्ये गेले आणि मी एकटा खांबांभोवतीची गाद्यांची वेष्टणं सोडायला लागलो. सव्वीस वर्षं मीच सोडतो. तर जार्विस आला. अंघोळ करून, केस ओले. एक बाजू मी धरली, एक त्यानं, गुंडाळून शेडमध्ये नेली, आठच्या आठ. माझ्या जिभेवर होतं, अरे, तू तरी ऐकलंस का? पण ज्याचं घर पेटवलं त्यालाच काडी कुठं पडली ते कसं विचारायचं? जाताना तो म्हणाला, "जातो, मर्व्ह. पाठ सांभाळा." बस. आणि डगनं आत बॉल मोजले तर एक कमी. "कर्नाँगवाल्यांनी ढापला," डग म्हणाला, "सामना नेला तो नेला, वर बॉलही!" पण म्हणताना बघत माझ्याकडे होता.

डग पिल्बीम म्हणजे आमचा अध्यक्ष आणि गावचा खाटीक. मनानं वाईट नाही, पण त्याच्या तोंडाला मुळी बूच नाही. सप्टेंबरभर मी दुकानात गेलो की काउंटरपलीकडून सुरू: "काय मर्व्ह, सॉसेज दोन देऊ की तुला एकच पुरतं?" रांगेतले हसायचे. मीही हसायचो. न हसून सांगणार कोणाला? वर "एकझेंड्या" हे नावही त्याचंच. ग्लेनिस म्हणाली आपण आता कोंबडीच खाऊ. पण डग हसून झालं की एक गोष्ट हळू बोलायचा आणि ती लागायची. "तो गोल असता ना मर्व्ह, तर पोरगा अंतिम फेरीत अजून दोन सामने खेळला असता. त्या वहीवाल्यानं दोन्ही बघितले असते." वर्तमानपत्रात ड्राफ्टचे अंदाज यायला लागले, अठरा मोठे क्लब कोणाकोणाला उचलतील त्याचे. साठ नावं असायची. मी भिंग घेऊन वाचायचो. नॉस्के कुठंच नाही. केरिन पोस्टात समोर आली तर पत्रांकडे बघायची. बारा वर्षं तिनं माझ्याशी हवेबद्दल गप्पा मारल्या होत्या, आता हवासुद्धा नको झाली. मला तिचा राग आला नाही. माझ्या पोराच्या बाबतीत कोणी असं केलं असतं तर मी काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

आणि ऑक्टोबरात त्या वहीवाल्याचा फोन. खुद्द माझ्या घरी. ते लोक मास्तरांना विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात, पोरगा कसा आहे म्हणून. मी अर्धा तास बोललो. वेष्टणांचं सांगितलं, चौघांना ओढल्याचं सांगितलं, रुमालांचं पण सांगून टाकलं, तेव्हा ग्लेनिसनं कपाळाला हात लावला. मग त्यानं विचारलं, "एक सांगा, तो बॉल खांबाला लागला होता?" त्या क्षणी मला 'माहीत नाही' म्हणता आलं असतं. पंचाची चूक, पोराचा गोल, वहीत एक ओळ बदलली असती. कोणाचं काय गेलं असतं? मी म्हटलं, "लागला होता." तो म्हणाला, "हं." आणि आभार मानून फोन ठेवला. आता ह्या 'हं'चं काय करायचं? खांबाचा टक् कमी होता म्हणून की काय, त्यात हा हं. दुपारी आडवा पडलो की दोन्ही आळीपाळीनं यायचे.

एकोणीसशे बहात्तरात मलाही बोलावलं होतं मेलबर्नला. त्या वेळी ड्राफ्ट नव्हता, पत्र यायचं. माझं पत्र बापानं गव्हाच्या पोत्यावर ठेवून दोनदा वाचलं. तीन आठवडे होतो तिथं, चाचणीचे तीन सामने खेळलो, आणि चौथ्या सोमवारी एका सभ्य माणसानं सांगितलं की माझी उंची दोन बोटं कमी पडते. आगगाडीनं परत आलो. स्टेशनवर ओळखीची पाच-सहा माणसं होती, आणि एकूण एक दुसरीकडे बघत होती. चांगल्या मनानं. मला लाज वाटू नये म्हणून. कोणी विचारलं नाही तिथं गवत कसं होतं, समोर कोण होतं, मी किती गोल मारले. पहिल्या सामन्यात मी तीन मारले होते. हे ग्लेनिसलासुद्धा मी लग्नानंतर चौथ्या वर्षी सांगितलं. बाप म्हणाला, "गहू थांबत नाही," आणि मी कामाला लागलो. वाईट ते न निवडल्याचं नव्हतं. वाईट ते होतं की तिथवर गेलोच नव्हतो असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं.

तर आज. आमची एक रीत आहे. ड्राफ्टच्या संध्याकाळी क्लबघरात टीव्ही लागतो, गाड्या सामन्यासारख्या मैदानाभोवती उभ्या राहतात, रेडिओ चालू, दारं उघडी, आणि आपल्या पोराचं नाव आलं की गोल-पंच रिकाम्या मैदानात खांबाखाली जाऊन दोन्ही झेंडे हलवतो. माझ्या हातून दोनदा झालंय. ह्या वेळी मला वाटलं कोणी नको म्हणेल. कोणी म्हणालं नाही. ग्लेनिसनं कोट इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता. सहाला पोचलो तर ऊन अजून लख्ख, पलीकडे मसूर कापणारं यंत्र चाललेलं, आणि पंचेचाळीस-पन्नास गाड्या आधीच लागलेल्या. शाळेची बस नेहमीच्या जागी. केरिन आत स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती, ऑगस्टपासून ती क्लबघरात आलेली नाही.

जार्विस दाराशीच भेटला. खांद्यावर पिशवी. "मर्व्ह, तुमच्यासाठी एक आहे," म्हणाला, आणि बॉल काढला. लाल कातडं, मळलेलं, आणि शिवणीच्या बाजूला बोटभर लांब पांढरा ओघळ. रंगाचा. वाळलेला. "कर्नाँगच्या दिवशीचा," तो म्हणाला. "भोंगा झाला तेव्हा हातात होता. तेव्हाच बघितलं मी. अजून ओला होता." तो खाली बघून भराभरा बोलला, जसं पाठ करून आला होता. "मला मारतानाच वाटलं होतं लागला म्हणून. पण सगळे म्हणायला लागले माझ्यावर अन्याय झाला, तर... बरं वाटायचं ते. हरलो, पण माझं काही चुकलं नाही. सोपं होतं. तुम्हाला शिव्या बसत होत्या आणि मी बॉल पलंगाखाली ठेवला होता. आज नाव आलं तर मग सांगून काय उपयोग? आणि नाही आलं तर कोणी ऐकायचं नाही. म्हणून आधी." मी म्हटलं, "आईला माहीत आहे?" "सकाळी सांगितलं. बसमध्ये बसलीय." मग तो आत गेला, आणि मी अडवायच्या आत बॉल डगपुढं बारवर ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खांबाचा रंग आहे हा. मर्व्हचं बरोबर होतं."

डगनं बॉल उचलला, ओघळावरून अंगठा फिरवला, नाकाशी नेला. त्याचा चेहरा उतरत गेला तो बघण्यासारखा होता. शेवटी मागून त्याची बायकोच म्हणाली, "डग, हा तर आपल्या शीतखोलीच्या दाराचा रंग." कारण सामन्याच्या आदल्या दिवशी खांब ह्या महाशयांनी रंगवले होते, पैसे वाचवायला दुकानातला उरलेला जाड तेलरंग घेऊन. तो आठवडाभर वाळत नाही हे लहान पोर सांगेल. हसण्याचा जो स्फोट झाला! डग म्हणाला, "मर्व्ह, उद्यापासून तुला सॉसेज फुकट." मी म्हटलं, "दोन की एक?" "डझन घे रे बाबा, पण माझ्याकडे असा बघू नकोस." मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. मी त्या पोराकडे बघत होतो. टीव्हीवर अजून एकही नाव वाचलं नव्हतं, त्याच्या आयुष्याचं काय होणार हे मेलबर्नमधल्या खोलीत कोणीतरी कागदावर लिहून बसलं होतं, आणि हा नेमका त्याच संध्याकाळी आपल्यावरचा अन्याय स्वतःच्या हातानं पुसून मोकळा झाला होता. माझी छाती अशी भरून आली की कोटाचं वरचं बटण सोडावं लागलं. म्हातारपणी माणूस कशानंही रडतो म्हणतात. म्हणोत.

मग नावं. एकेक. पंचविसाव्याला आम्ही अजून हसत होतो. पस्तिसाव्याला कोणीतरी खिडकी लावली, कोणीतरी उघडली. एकेचाळीसला त्या राखाडी जॅकेटवाल्याच्या क्लबची पाळी आली. त्यांनी टास्मानियाचा एक पोरगा घेतला. जार्विसनं मान हलवली. "चांगला आहे तो," म्हणाला. "त्याच्याविरुद्ध खेळलोय." पन्नास. पंचावन्न. सूर्य सायलोच्या मागं गेला. अठ्ठावन्नला त्यांनी संपलं म्हणून सांगितलं, लोकांचे आभार मानले, आणि जाहिरात लागली.

आणि मग तेच झालं. सगळे दुसरीकडे बघायला लागले. डग ग्लास पुसायला लागला, त्याची बायको सँडविचवर कागद घालायला लागली, पोरं आपल्या फोनमध्ये शिरली. चांगल्या मनानं. मला ते स्टेशन दिसलं, प्लॅटफॉर्मसकट. डग माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "मर्व्ह, जा ना बाहेर. हलव दोन्ही. पोरासाठी. कोण बघतंय?"

"मी बघतोय," मी म्हटलं.

"अरे काय माणूस आहेस! एवढं झाल्यावर पण?"

जार्विसनं ऐकलं. हसला. डोळे लाल होते, पण हसला खरोखरचा. "ते नाही हलवणार, डग. मी लहानपणापासून ओळखतो त्यांना." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मर्व्ह, एक तरी दाखवाल? एक तर झालाच ना."

मी झेंडे घेतले आणि निघालो. अर्ध्या मैदानात पोचलो तेव्हा लक्षात आलं की मी पळतोय. खांबाखाली उभा राहिलो. उजेड जेमतेम होता, पण कोट पांढरा असतो तो ह्यासाठीच. उजव्या खांबावर तळहात ठेवला, बोट वर केलं. एक झेंडा त्याच्या जागी राहू दिला, एक उचलला आणि डोक्यावर नेऊन खाली आणला, पुन्हा नेला. बरोबर मोजलेला, खरा, एक. तिथवर गेला होता. खांबाला शिवला होता. गाड्या गप्प होत्या. बिहाइंडला ह्या मैदानावर कधीच हॉर्न वाजलेला नाही, मला त्याची अपेक्षाही नव्हती, मी फक्त माझं काम करत होतो.

पहिला हॉर्न शाळेच्या बसचा होता. मग डगच्या व्हॅनचा, मग त्याच्या बाजूचा, मग सगळ्याच गाड्या, दिवे लावून. दूर क्लबघराच्या पायरीवर ते लांब हातांचं पोरगं उभं होतं आणि त्याच्या हातात काहीतरी पांढरं होतं. एकच रुमाल. तो हलवत होता. माझा खांदा भरून आला तरी मी झेंडा खाली ठेवला नाही, कारण बसचा हॉर्न चालू होता, आणि ह्या वेळी तो मध्येच तुटला नाही.